मामांचा बँडसॉ आणि मामींचे मुसळ

सुताराला कानडीत बडिगेर म्हणतात आणि करवतीला गरगस. गोव्यात तोच सुतार मेस्त होतो. हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि आपला मिस्त्रीही त्याच कुळातला. तीन भाषांत तीन नावे असलेल्या या माणसाच्या कारखान्यात एक यंत्र मात्र बेळगावपासून पेडण्यापर्यंत एकाच नावाने ओळखले जाते. ते म्हणजे बँडसॉ. भाषा शिकवणाऱ्या बाईने यंत्रावर काय लिहावे, असे कुणी म्हणेल. पण २०२४ च्या मे महिन्यात माझ्या आजोळी, डिचोली तालुक्यातल्या मये गावात, या यंत्राच्या दोन बोटे रुंदीच्या एका भागावरून जे घडले त्यात यंत्रापेक्षा घरच अधिक गुंतलेले होते. म्हणून लिहिते आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. एक चाक वर, एक खाली, आणि दोन्हींवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी. शिलाई मशीनच्या पट्ट्याला दात फुटले तर कसे दिसेल, तसेच. मामांच्या मशीनची चाके २४ इंचांची आहेत. असे चाक मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर पट्टी मिनिटाला सुमारे १,१५० मीटर धावते. जाडी विचाराल तर जेमतेम अर्धा मिलिमीटर. एवढी पातळ पट्टी लाकूड पुढे रेटताच मागे ढकलली जाणार आणि वळण कापताना बाजूला कलणार, हे उघड आहे. म्हणून टेबलाच्या वर एक आणि टेबलाच्या खाली एक अशा दोन जागी तिला आधार दिलेला असतो. डाव्या-उजव्या बाजूंना दोन छोटे ठोकळे आणि पाठीमागे एक बेअरिंग. याला गाईड म्हणतात. कानडीतही गाईड, कोंकणीतही गाईडच.

या यंत्राचे पहिले पेटंट १८०९ मध्ये इंग्लंडात विल्यम न्यूबेरी याने घेतले. पण पट्टीचा सांधा टिकेना. वाकताना आणि सरळ होताना तो तुटायचा, आणि यंत्र बरीच वर्षे कागदावरच राहिले. १८४६ मध्ये हा सांधा जोडण्याच्या रीतीचे पेटंट घेतले ते आन पोलिन क्रेपँ नावाच्या फ्रेंच बाईने. हे मी मामींना सांगितले तेव्हा त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “मग! तुटलेले सांधायला बाईच लागणार.”

आता मूळ गोष्ट. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आजोळच्या परसातला फणस उन्मळून पडला. आजोबांनी लावलेला. आमच्या आईचे बालपण त्याच्याखाली गेले. झाड पडल्याचे कळले तेव्हा बेळगावातल्या घरी ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिने मामांना फोन केला आणि एवढेच म्हणाली, “जळणाला देऊ नकोस. मला देव्हारा करून दे.” मामांनी खोड गिरणीत नेऊन फळ्या पाडून आणल्या आणि मध्ये चिपा घालून माळ्यावर रचून ठेवल्या. इंचाला एक वर्ष, हा लाकूड सुकवण्याचा जुना हिशेब आहे. दोन इंची फळ्यांना तीन वर्षे दिली. फणसाचे लाकूड आधी हळदीसारखे पिवळे असते, मग वर्षागणिक तांबूस, तपकिरी होत जाते. ते वजनाला फार जड नाही, वाळवी सहसा लागत नाही, म्हणून देव्हाऱ्याला, गणपतीच्या पाटाला त्याचा मान. कर्नाटकातल्या वाचकांना हे सांगायला नको, कारण वीणाही फणसाच्या लाकडाची करतात.

खोड आतून थोडे पोकळ निघाले. चांगल्या अशा पाचच फळ्या मिळाल्या. दोन फळ्या मधोमध उभ्या चिरून पाठीच्या पातळ फळ्या करायच्या होत्या, एकीतून महिरप कापायची होती आणि उरलेल्या दोन खांबांना नि बैठकीला. सहावी फळी नव्हती आणि झाडही आता नव्हते.

आणि बँडसॉ वाकडा कापत होता.

मामांनी फणसाला हात लावण्याआधी आंब्याच्या फळीवर पेन्सिलीने रेघ मारून कापून पाहिले. दोन फुटांत पट्टी अर्धा इंच उजवीकडे गेली. माझा मामेभाऊ म्हणाला, ब्लेड गेले असेल. नवे चढवले. दोन दिवस सरळ चालले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. तेव्हा त्याने मनातले बोलून टाकले. हे जुने धूड विकून टाकू, भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे, त्यात थोडी भर घालून नवे मशीन आणू. मामा काही बोलले नाहीत. ते मशीन त्यांनी पेडण्यातल्या एका बंद पडलेल्या गिरणीतून उचलले होते. ओतीव बिडाचे, चार माणसांना न हलणारे. त्याच्यावर त्यांनी दोन मुलींची लग्ने केली.

मामेभावाची बाजूही सांगायला हवी. तो या धंद्यात उशिरा आला. डिचोलीत खाणी जोरात होत्या तेव्हा रंधा हातात धरायला कोण तयार होते? त्यानेही कर्ज काढून ट्रक घेतला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, ट्रक दारात उभा राहिला, आणि मग तो वडिलांच्या कारखान्यात आला. आता कामाची कमी नाही. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात बंगले, हॉटेले उठली आहेत आणि त्यांना जुन्या लाकडाचे फर्निचर हवे असते. त्यामुळे मोडलेल्या घरांचे वासे, खांब पेडण्याहून कोलवाळच्या पुलावरून टेम्पोने मयेला येतात. लाकूड उत्तम, पण पोटात खिळे. एक खिळा लागला की पट्टीचे दहा दात गेले. अशा माणसाला वेग हवा असतो, जुन्या यंत्राची मनधरणी नको असते. मला त्यात काही गैर वाटत नाही.

मामांची एक रीत आहे. यंत्र बिघडले की ते आधी वीज काढतात, मग चहा घेतात, मग बघतात. त्या दिवशी त्यांनी प्लग काढला, ब्लेड उतरवले आणि डोळे मिटून नखाने दात चाचपले. करवतीचे दात आलटून पालटून एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे कापलेली चीर पट्टीच्या जाडीपेक्षा रुंद होते आणि पट्टी अडकत नाही. मामा म्हणाले, “डावीकडचे मेले. उजवीकडचे जिवंत आहेत. म्हणून ती उजवीकडे पळते.” त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. उजवा बरा, पण बारीक फट त्यांना आता दिसत नाही. जे कळते ते नखाला कळते.

डावीकडचेच का मेले? ते गाईडने सांगितले. ठोकळे पोलादाचे होते आणि डाव्या ठोकळ्यात झिजून खोबण पडली होती. तो धरणारी बिडाची चाप तडकली होती, म्हणून ठोकळा हळूहळू पुढे सरकून थेट दातांना भिडत होता. पोलादावर पोलाद घासले की दात बोथट होतात आणि त्यांचा बाकही मोडतो. मागचे बेअरिंग जाम झाले होते, त्यावर पट्टीच्या पाठीने नाली कोरली होती. पट्ट्या पाठीकडून तडकून तुटत होत्या त्याचे कारणही तेच. टेबलाखालचे गाईड तर नव्हतेच. कुणा जुन्या मालकाने ते काढून तिथे लाकडाचा तुकडा ठोकला होता आणि त्यावर वर्षानुवर्षांचा भुसा चिकाने घट्ट बसला होता. वरचे गाईड डोळ्यांसमोर असते, त्याची सगळे काळजी घेतात. पण लाकडातून बाहेर पडताना पट्टी सरळ राहते ती खालच्या गाईडमुळे. थोडक्यात, नवे ब्लेड कितीही आणले असते तरी तिसऱ्या दिवशी ते जुनेच झाले असते.

मग वाद झाला तो काय बसवायचे यावर. मामेभावाचे म्हणणे, आता सगळीकडे बेअरिंगचे गाईड मिळतात. बाजूंना ठोकळ्यांऐवजी फिरती बेअरिंगे, घासणे नाही, तापणे नाही. ते खरे आहे. रुंद पट्टीने दिवसभर सरळ फळ्या चिरणाऱ्याला ते सोयीचे. पण फणसाचा आणि आंब्याचा चीक, त्यात भुसा, हे पट्टी आणि बेअरिंगच्या मध्ये दाबले जाते आणि त्याचा थर बसतो. शिवाय गोव्याचा पावसाळा. आणि महिरपीसाठी लागणारी अर्ध्या इंचाहून अरुंद पट्टी मोठ्या बेअरिंगमध्ये दात सांभाळून धरणे कठीण. मामांचे म्हणणे, गाईड लाकडाचे करायचे. मामेभाऊ हसला. करवतीला लाकडाने धरायचे?

त्याच्या हसण्यावर मी चिडले नाही, कारण मलाही ते उलटेच वाटले होते. पण जरा विचार केला की पटते. लाकडी ठोकळा दातांना लागला तर ठोकळाच कापला जातो, दात शाबूत राहतात. म्हणून तो पट्टीला अगदी टेकवून ठेवता येतो. पोलादाला कागदाएवढी फट सोडावीच लागते. परदेशात यासाठी लिग्नम व्हिटी नावाचे लाकूड वापरत. ते इतके कठीण आणि अंगचे तेलकट असते की जहाजांच्या पंख्याच्या दांड्याखाली त्याची बेअरिंगे बसवीत. ते मयेला कुठून येणार? तेवढ्यात अण्णा म्हणाले, “खैर.”

अण्णा म्हणजे धारवाडकडचे बडिगेर, मामांकडे वीस वर्षे कामाला. मामांशी कोंकणीत, माझ्याशी मराठीत आणि यंत्राशी कानडीत बोलतात. खैर कठीण, चिवट, जड. पण सुकलेला जुना खैर आणायचा कुठून? अण्णांनी स्वयंपाकघराकडे बघितले आणि हळूच म्हणाले, “ओनके.”

ओनके म्हणजे मुसळ. चित्रदुर्गच्या किल्ल्यात हैदरअलीच्या सैनिकांना मुसळाने लोळवणाऱ्या ओबव्वाची गोष्ट आपल्याकडच्या कानडी घरांत मुलांना सांगतात. त्यामुळे हा शब्द मला कळला. मामांना कळला नाही, मामींना मात्र नजरेवरून कळला. आजीच्या वेळची खैराची दोन मुसळे कोठीच्या दाराआड उभी होती. कांडप केव्हाच थांबले. घरात लग्न निघाले की दोन्ही एकत्र बांधून, हळद लावून घाणा भरतात, तेवढाच त्यांचा उपयोग. माझ्या आईच्या लग्नात भरले, मामींच्या दोन्ही मुलींच्या लग्नांत भरले. एकाचे टोक फुटलेले होते.

मामी लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्यांनी आईला फोन लावला. दोघींचे बरेच बोलणे झाले, त्यातले अर्धे मुसळाविषयी नव्हतेच. शेवटी फोन ठेवून त्या म्हणाल्या, “ताई म्हणतात, देव्हाऱ्यासाठी आहे तर घ्या. फुटके घ्या. चांगल्याला हात लावू नका. अजून नातवंडांची लग्ने व्हायची आहेत.”

तडकलेली चाप मी बेळगावला आणली. चोर्ला घाटातून बिडाचा तुकडा पर्समध्ये घालून येणारी प्राध्यापिका मीच पहिली असावी. आपले उद्यमबाग म्हणजे ओतकामाचे आणि लेथचे गाव. तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमधल्या लेथवाल्याने चाप उलटसुलट करून विचारले, “इदु यादर पार्ट री?” मी सांगितले, गरगसाचा. त्याने नवी चाप पोलादातून कोरून दिली आणि खालच्या गाईडसाठीही तशीच एक केली. आणखी एक गोष्ट त्याने सुचवली. खैर नसेल तर इलेक्ट्रिकच्या पॅनलमध्ये वापरतात तो तपकिरी हायलमचा जाड तुकडा घ्या, तोही दात खराब करत नाही. ज्यांच्या घरी मुसळ नसेल त्यांनी हे लक्षात ठेवावे. मागे बसवायला ६२०१ नंबरची, दोन्हीकडून रबरी सील असलेली बेअरिंगे घेतली. सील नसेल तर भुसा आत जाऊन ते पुन्हा जाम होते.

पुढचे काम मी शेजारी बसून पाहिले. मुसळाचा आडवा छेद पट्टीकडे येईल असे चार ठोकळे मामांनी हातकरवतीने कापले, कारण लाकडाचा तो अंगच सर्वांत कमी झिजतो. ठोकळे रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवले. सकाळी मामा खुर्चीवर बसले आणि हत्यारे मामेभावाच्या हातात दिली. का, ते कुणी विचारले नाही. त्यांना फट दिसत नव्हती, हे सगळ्यांनाच माहीत होते.

गाईड बसवण्याआधी बराच वेळ गाईडला हात लागलाच नाही. आधी पट्टी ताणायची. मग वरचे चाक हाताने फिरवत पट्टी रबराच्या मधोमध धावते की नाही ते बघायचे. गाईडने पट्टी जागेवर ओढून आणायची नसते. ती आधी स्वतःहून जागेवर धावली पाहिजे. मामेभाऊ घाई करी, मामा म्हणत, “सवकास.” दुसऱ्या बाजूने अण्णा म्हणत, “निधान.” दोन्हींचा अर्थ एकच, आणि दोन्ही ऐकून तो वैतागला होता.

मग गाईडचा खांब. जाड लाकडासाठी तो वर केला की गाईड पट्टीपासून सरकत होते, म्हणजे खांबच तिरका झाला होता. गुण्या लावून पाहिल्यावर खाचेत कागदाएवढी पट्टी घालायला हवी होती. ती बियरच्या डब्याच्या पत्र्याची कापून घातली. गोव्यात या मालाची टंचाई कधी भासत नाही. त्यानंतर मागचे बेअरिंग. ते पट्टीला टेकवायचे नाही, अर्धा मिलिमीटर मागे ठेवायचे. मशीन रिकामे चालताना ते थांबलेले असावे आणि लाकूड रेटले की फिरावे. शेवटी बाजूचे ठोकळे. ते पुढे सरकवायचे, पण दातांच्या मुळाशी थांबायचे. मामेभावाने टॉर्च धरून बसवले. मामा उठले, डोळे मिटून नखाने ठोकळ्याची कड आणि दाताचे मूळ यांमधले अंतर चाचपले आणि म्हणाले, “केसभर मागे.” त्याने केसभर मागे घेतले. खालचे गाईडही तसेच, टेबलाखाली पालथे झोपून.

एक गोष्ट मामांनी त्याला तीनदा सांगितली. कापताना वरचे गाईड लाकडाच्या पाव इंच वर आणून ठेवायचे. कामाच्या घाईत ते सदा वरच ठेवायची कारखान्यात सवय पडली होती. त्यामुळे पट्टी लचकते, आणि फूटभर उघडी पट्टी बोटांसमोर धावत राहते. माझ्या डोळ्यांनी मी दोन गावांत बोटे गेलेले सुतार पाहिले आहेत, म्हणून हे वाक्य इथे मुद्दाम लिहिते.

आंब्याच्या त्याच फळीवर दुसरी रेघ मारली. दोन फूट कापले. अण्णांनी फळी उचलून एक डोळा मिटून पाहिली आणि म्हणाले, “नेट्टग ऐति.” सरळ आहे. मामेभावाने ती हातातून घेतली, स्वतः पट्टी लावून पाहिली, आणि मग काही न बोलता माळ्याची शिडी लावली.

फणसाची पहिली फळी त्यानेच चिरली. पिवळा भुसा टेबलावर पसरला. तीन वर्षे होऊनही आतून रंग तसाच ताजा होता. पातळ फळ्यांची जाडी दोन्ही टोकांना सारखी भरली. महिरपीसाठी पाव इंची पट्टी चढवली, तेव्हा ठोकळे पुन्हा मागे घेऊन सगळे नव्याने बसवावे लागले आणि या वेळी मामा घरातच होते. पाच फळ्यांतला एकही तुकडा वाया गेला नाही. एवढेच की महिरपीच्या आतल्या वळणावर एका जागी पट्टी किंचित थांबल्याची काळी खूण आहे. मामा ती रंध्याने काढणार होते, आईने काढू दिली नाही.

भंगारवाल्याला मामेभावाने अजून नाही म्हटलेले नाही, पण बोलावलेही नाही. पेडण्याच्या वाश्यांसाठी तो बेअरिंगचे गाईड घेणार आहे, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. मुसळाचा उरलेला भाग कारखान्याच्या दाराआड उभा आहे.

जुलैत त्याचा फोन आला. पावसाच्या दमट हवेने खैराचे ठोकळे फुगले आणि पट्टी दोन्ही बाजूंनी आवळली गेली, जळका वास आला. मामा दुपारचे झोपले होते. त्यांना न उठवता त्याने प्लग काढला, ठोकळे उतरवले, पॉलिश पेपरवर घासले, कागदाची पट्टी मध्ये धरून परत बसवले. “कागद किती जाड घेतलास?” मी विचारले. तो म्हणाला, “कागद नंतर. आधी नख लावून बघितले.”